किल्ली गळ्यात, मी होडीत

ता. ३ मार्च

चिरंजीव कन्येस,

तुझे पत्र मिळाले. त्याला मायना नाही, तारीख नाही आणि 'बाबा' या शब्दापुढे स्वल्पविरामाऐवजी उद्गारचिन्ह आहे. तरीही आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस, तेव्हा लेखी उत्तर देणे भाग आहे.

तू लिहितेस : "मावशीने सगळं सांगितलं. दादाला वाऱ्यावर सोडून तुम्ही समुद्रावर पळून गेलात. तो दिवसच्या दिवस रस्त्यावर भटकत होता. शेवटी मावशीने त्याला हाताला धरून घरी आणलं." वाक्ये चार, आणि चारही चुकीची. छापखान्यात मुद्रिते तपासण्यात माझा जन्म गेला. इतक्या दाट चुकांचा मजकूर मी केवळ निवडणुकीच्या पत्रकांतच पाहिला आहे.

पहिले वाक्य. मावशीने सगळे सांगितलेले नाही. तुझ्या आईची ही बहीण सगळे कधीच सांगत नाही. जेवढे सांगते तेवढ्यातच ऐकणाऱ्याचा दिवस मावळतो.

दुसरे वाक्य. मी पळून गेलो नाही. सेवानिवृत्तांच्या सहलीच्या बसने, तिकीट काढून गेलो. बस सुटायला उशीर झाला, कारण एका गृहस्थांची कवळी घरी राहिली होती. पळून जाणारा मनुष्य दुसऱ्याच्या कवळीसाठी तिष्ठत बसत नाही. शिवाय मला पोहोचवायला दादा स्वतः आला होता. त्याने माझी बॅग वर ठेवली, एका धडधाकट बाईंना विनंती करून मला खिडकीची जागा मिळवून दिली आणि बस वळेपर्यंत तो हात हलवत उभा होता. ज्याला सोडून जातात तो सहसा निरोप द्यायला येत नाही.

जाण्याची कल्पनाही माझी नव्हती. जानेवारीत नेहमीप्रमाणे दादाला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. त्यांनी झोपेविषयी विचारले, भुकेविषयी विचारले आणि मग म्हणाल्या, "आणि वरचा भाडेकरू?" डोक्यातल्या आवाजाला दादा हेच नाव देतो, हे तुला आठवत असेल.

"आहे," दादा म्हणाला. "पण हल्ली भांडी आपटत नाही."

मग बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? शेवटचे गावाबाहेर कधी गेला होतात?"

मी आठवू लागलो. उत्तर दादाने दिले. "धाकट्या बहिणीच्या लग्नाला. हॉल गावाबाहेर होता. तिथूनही माझ्यामुळे अर्ध्यातून परत आले."

बाईंनी कागद पुढे ओढला आणि त्यावर माझे नाव लिहून खाली लिहिले : समुद्र, आठ दिवस, जेवणापूर्वी व जेवणानंतर. मी तो कागद परत केला. दादाने तो उचलून खिशात घातला आणि बाहेर पडल्याबरोबर सहलीच्या कचेरीत नेऊन दाखवला.

तिसरे वाक्य. दादा भटकत नव्हता. तो दवाखान्यात गेला आणि परत आला. मी नसताना त्याला औषधे देण्याचे काम मी मावशीकडे लेखी सोपवले होते. त्या व्यवस्थेत एक किरकोळ उणीव राहिली. ती दूर झाली. अधिक विस्तार करीत नाही.

चौथे वाक्य. हाताला धरून कोणी कोणाला आणले, हे मावशीच्या गुडघ्याला विचारावे. तो वाटेत अडला होता. दादाने तिला तिच्या दारापर्यंत पोहोचवले आणि मग तो आपल्या घरी गेला.

समुद्राविषयी तू काही विचारले नाहीस. बरा होता.

तुझा पिता


ता. ११ मार्च

चिरंजीव कन्येस,

"ती किरकोळ उणीव म्हणजे काय ते लिहा, नाहीतर हे माझं शेवटचं पत्र." वाक्यरचना निर्दोष आहे. म्हणून लिहितो.

औषधांच्या कपाटाची किल्ली अकरा वर्षे माझ्या गळ्यात आहे. दोरीला बांधलेली, बनियनच्या आत. आंघोळीला काढत नाही, झोपताना काढत नाही. रोज सकाळी आणि रात्री वाकून, गळ्यातल्या गळ्यातच ती कुलपाला लावतो. दादा म्हणतो, कपाटाला नमस्कार करताय असं वाटतं. इतक्या वर्षांत तिचे वजन कळेनासे झाले आहे. आपल्याला आपले नाक दिसत नाही, तसे.

निघण्यापूर्वी मी मावशीसाठी सूचनापत्र तयार केले. बारा कलमे. ते मी चार वेळा तपासले; शेवटच्या वेळी उलटे, तळापासून वर, कारण तसे वाचले म्हणजे अर्थाच्या ओघात चूक निसटत नाही. एकही चूक नव्हती. कलम चौथे असे होते : सोबतच्या किल्लीने कपाट उघडावे.

सोबत किल्ली नव्हती.

मावशी म्हणते, "भावोजी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दिव्यासमोर धरून पाहिलं. काय ते अक्षर, काय ती भाषा! फक्त किल्ली तेवढी कुठे सापडली नाही." मग तिने हातोडी आणवली. दादाने तिला बजावले, "मावशी, बाबांचं कपाट आहे, नको." तिने ऐकले नाही. कुलूप शाबूत राहिले, हातोडीचा दांडा मोडला. हा भाग तिने तुला सांगितलेला नाही, असे दिसते. ती ९ फेब्रुवारीची संध्याकाळ. त्या रात्रीची गोळी चुकली.

मला मात्र ११ तारखेच्या सकाळपर्यंत पत्ता नव्हता. १० तारखेला फोनवर दादा "सगळं ठीक" म्हणाला आणि मी ते, जसे छापले होते तसे, वाचले.

११ तारखेला सहलीतल्या सर्वांना समुद्रात उतरवण्यात आले. सहलचालक हा शिट्टी वाजवणारा एक तरुण होता; त्याने माझे नाव 'काना-मात्रा' ठेवले होते, कारण हॉटेलातल्या फलकांवरच्या चुका मी पेन्सिलीने दुरुस्त केल्या होत्या. मी विजार दुमडून, सदरा काढून घोट्याएवढ्या पाण्यात उभा होतो. माझ्या खोलीत राहणारे सेवानिवृत्त दंतवैद्य शेजारी होते. ते मनुष्याला दातांवरून ओळखतात आणि मी तोंड उघडत नसल्यामुळे माझ्याविषयी साशंक होते.

"गळ्यात काय आहे हो? तुम्हालाही शिट्टी दिली की काय?"

मी खाली पाहिले.

पाण्यातून मी कसा बाहेर आलो, ते आठवत नाही. दंतवैद्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी पळालो. म्हणजे 'पळणे' हे क्रियापद त्या सहलीत एकदा योग्य ठिकाणी वापरता येईल.

"किल्ली माझ्याकडे आहे!" मी फोनवर ओरडलो.

"हो," दादा म्हणाला. "समुद्र कसा आहे?"

"समुद्र गेला खड्ड्यात! गोळ्या?"

"घेतल्या. काल दवाखान्यात गेलो होतो. बाईंनी आठवड्याच्या लिहून दिल्या. दुकानातून आणल्या."

आठवड्याच्या गोळ्या. त्याच्या हातात. घरात दुसरे माणूस नाही. ते कपाट आणि ते कुलूप अकरा वर्षांपूर्वी आपल्या घरात का आले, हे तुला ठाऊक आहे. इस्पितळाच्या बाकावर तू माझ्या शेजारी होतीस. ते मी लिहीत नाही.

"किती आहेत?" मी विचारले.

तो म्हणाला, "आहेत तेवढ्या आहेत, बाबा. सकाळची घेतली, रात्रीची घ्यायची आहे. अजून काही?"

"मी निघतो. दुपारची गाडी असेलच."

"आलात तर दार उघडणार नाही."

"माझं घर आहे ते!"

"हो. पण कडी आतून आहे."

आणि त्याने फोन ठेवला.

मी वाळूत बसलो. दंतवैद्य येऊन शेजारी बसले आणि मी त्यांना सर्व सांगितले. आपल्या घरातली ही गोष्ट मी परक्या मनुष्यापाशी प्रथमच बोललो, तेही ओल्या विजारीत. ते ऐकून त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाले, "माझा मुलगा दंतवैद्य आहे. माझी दाढ दुखते तर मला म्हणतो, बाबा, तुम्ही गप्प बसा आणि आ करा." एवढ्यात शिट्टी झाली. होडी तयार होती.

तुझा पुढचा प्रश्न मला येथूनच दिसतो. हो, मी होडीत बसलो. एक पाय आत ठेवला. दुसऱ्याला बाहेर राहणे अवघड झाले.

किनाऱ्यापासून दूर गेल्यावर एक लाट आडवी आली. सगळे भिजलो. माझी टोपी गेली, कानावरची पेन्सिल गेली आणि सहलचालकाची शिट्टी त्याच्या तोंडात पाण्याने भरून बेडकासारखी वाजली. तेव्हा कोणीतरी मोठमोठ्याने हसू लागले. आवाज ओळखीचा वाटेना. दंतवैद्यांनी माझ्याकडे वळून म्हटले, "अभिनंदन. तुमच्या वरच्या दाढा आज पहिल्यांदा पाहिल्या."

किल्ली मी पूर्ण वेळ मुठीत धरली होती. हेही नोंदवून ठेवतो.

तुझा पिता


ता. १९ मार्च

चिरंजीव कन्येस,

निवासी केंद्राचा अर्ज मिळाला. त्यात अनेक चुका आहेत. 'रुग्णाचे पालकत्व' या रकान्यात तू 'संपुष्टात' असे लिहिले आहेस, ती सर्वांत मोठी. लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवीत आहे. सही केलेली नाही.

तू लिहितेस : "तुम्ही होडीत हसत होतात, तेव्हा त्याने काहीही केलं असतं." हे वाक्य बरोबर आहे. मी ते अनेकदा वाचले. कोठेही खूण करता आली नाही.

आता मी जे गाळले होते, ते लिहितो. १० तारखेला दवाखान्यातून परतताना दादा आपल्या जिन्यापर्यंत आला आणि थांबला. भाडेकरू म्हणत होता, पायऱ्या मोजलेल्या आहेत, चढू नकोस. दादा समोरच्या बसथांब्याच्या बाकावर बसला, औषधांचे पाकीट मांडीवर घेऊन. दुपारभर बसला. मावशीला तो दिसला, तो तेथे. ती आधी ओरडली, मग रडली, मग शेजारी बसली. पुष्कळ वेळाने म्हणाली, "मेल्या, तुझ्या त्या भाडेकरूला म्हणावं, या थंड बाकावर माझा गुडघा धरलाय." दादाला हसू आले. तो उठला. त्यापुढचे तुला मागे लिहिलेच आहे. मावशीने हे तुला का सांगितले नाही? कारण तिला रडताना कोणी पाहिलेले चालत नाही.

१६ तारखेला मी परतलो, तेव्हा घर चांगले नव्हते. मोरीत भांडी होती, आरशावर टॉवेल टाकलेला होता, दादाची दाढी वाढलेली होती आणि तो पांघरुणात होता. दोन दिवस तो फारसा बोलला नाही. गोळ्यांची रिकामी पाने मात्र टेबलावर ओळीने मांडलेली होती, मला दिसतील अशी. मी काही विचारले नाही. भांडी घासली.

तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः आरशावरचा टॉवेल काढला, दाढी केली आणि चहा टाकला. मी विचारले, "किल्ली नाही, हे तुला मावशीबरोबरच कळलं का?"

"नाही. बसपाशीच."

"कसं?"

"तुम्ही खिडकीतून वाकलात ना, मला सूचना द्यायला? पंखा बंद कर, गॅस बघ, दूध वर काढ. तेव्हा शर्टाच्या गळ्यातून लोंबत होती. माझ्या नाकापुढे."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही उतरला असतात."

मी अकरा वर्षे मुद्रिते तपासावीत तसा या मुलाला तपासीत आलो. कोठे चुकतो, कोठे निसटतो. त्याच्या गोळ्या कुलपात होत्या, पुढे आठ दिवस होते आणि भाडेकरू बरोबर होता. तरी तो हात हलवत राहिला. माझ्या कोणत्याही कलमात हे बसत नव्हते.

तुझे केंद्राचे पत्र मी काल त्याला वाचून दाखवले. लपवले नाही. त्याने नीट ऐकले. "बाग आहे का तिथे?" म्हणाला. मी म्हटले, आहे. "जेवण?" शाकाहारी. तो विचारात पडला, आणि खरे सांगतो, मी घाबरलो. मग म्हणाला, "म्हातारपणी बघू. आत्ता नाही. बाबा, तुम्ही घरात असता तेव्हा मी पेशंट असतो. तुम्ही गेलात की घरमालक असतो. मला ते कठीण जातं. पण भाडेकरूशी बोलायला घरमालकच लागतो."

मग साखर विसरलेला चहा त्याने माझ्यापुढे ठेवला. मी तो तक्रार न करता प्यालो. तुझ्या आईने हे पाहायला हवे होते.

तुझा पिता


ता. २८ मार्च

चिरंजीव कन्येस,

"५ एप्रिलला येते. अर्ज बरोबर आणते आहे. समोरासमोर बोलू. मग बघू." पत्र छोटे आहे, पण त्याला तारीख आहे. आनंद झाला.

एक अडचण आहे. ५ एप्रिलला मी घरी नसेन. ४ तारखेला सकाळी डोंगरावर जात आहे. दंतवैद्यांनी दोघांसाठी एक खोली ठरवली आहे; तेथे रज्जुमार्ग आहे आणि त्यात बसून माझ्या खालच्या दाढाही पाहाव्यात, असा त्यांचा मानस आहे. जागा दादाने परस्पर नोंदवली. मी तारीख बदलण्याचा विचार केला होता. मावशी म्हणाली, "भावोजी, पोरगी सहा वर्षांनी येतेय आणि तुम्ही डोंगर चढताय? लाज कशी वाटत नाही?" लाज वाटली. दादाला तसे सांगितले. तो म्हणाला, "तुम्ही थांबलात तर ती तुमच्याशी भांडेल आणि मी आतल्या खोलीत बसेन. तेच होईल. तुम्ही जा."

तू समोरासमोर बोलायचे म्हणतेस. ज्याच्याविषयी बोलायचे आहे, त्याच्यासमोर बोलावे.

त्याने तुझ्या आईची खोली झाडून ठेवली आहे. तुझ्यासाठी मऊ उशी आणली आणि ती खरोखर मऊ आहे का, हे पाहण्यासाठी तिच्यावर दोन दुपारी झोपला. तू आलीस तर कदाचित तो पहिला दिवस काही बोलणार नाही. कदाचित फार बोलेल. मध्येच उठून बाकावर जाऊन बसला, तर शेजारी बसावे. विचारू काही नये. मी याची बारा कलमे करणार होतो. त्याने कागद काढून घेतला.

पाहुण्यांसाठीही, म्हणजे तुझ्या यजमानांसाठी, एक निरोप आहे. तुझ्या लग्नात दादाने माइक हातात घेऊन नवरदेवाच्या मिशीत यंत्र बसवल्याचे जाहीर केले आणि त्या भल्या माणसाने दुसऱ्या दिवशी मिशी काढून टाकली. मी त्यांना तेव्हा धन्यवाद द्यायला हवे होते; ते राहून गेले. दादा म्हणतो, "पाहुण्यांना सांगा, मिशी ठेवायला आता हरकत नाही. चौकशी पूर्ण झाली."

मी भीत नाही, असे लिहिणार होतो. खोडले आहे.

आपल्या दोघांच्या पत्रव्यवहारात आणि मावशीच्या तोंडी वृत्तांतात तारखांचा जो गोंधळ झाला आहे, तो कायमचा निस्तरावा म्हणून खाली शुद्धिपत्र जोडतो.

तुझा पिता

शुद्धिपत्र

तुझ्या लग्नाचा दिवस. "दादाने माझं लग्न मोडायला निघाला" असे तू सर्वांना लिहितेस. वाचावे : दादाने आजारात एक शंका बोलून दाखवली. लग्न झाले. (वाक्याचा कर्ताही दुरुस्त करावा.)

९ फेब्रुवारी. "बाबा पळाले." वाचावे : बाबा निघाले. दादाने त्यांना निघू दिले.

१० फेब्रुवारी. "दिवसच्या दिवस भटकत होता." वाचावे : सकाळी एकटा दवाखान्यात गेला, औषधे घेतली, एक दुपार बाकावर बसला, मावशीला घरी पोहोचवले, जिना चढला.

११ फेब्रुवारी. पहिल्या पत्रात मी "समुद्र बरा होता" असे लिहिले. वाचावे : मी फार सुखात होतो. भीतही होतो. दोन्ही एकाच होडीत.

१६ फेब्रुवारी. मावशी म्हणते, "भावोजी आले म्हणून पोरगा सावरला." वाचावे : १९ फेब्रुवारी. सावरला तेव्हा भावोजी भांडी घासत होते.

४ एप्रिल. किल्ली माझ्या गळ्यात नसेल. शोधू नये, मावशीला विचारू नये. ती दादाकडे आहे. कोठे ठेवली, हे त्याने मला सांगितलेले नाही.

५ एप्रिल. "दादाला घ्यायला येते." वाचावे : दादाकडे राहायला येते. दार तो उघडेल.

१२ एप्रिल. माझे परतणे. ही तारीख दादाने ठरवली आहे. आधी परतल्यास कडी आतून असेल, अशी त्याने मला तोंडी समज दिली आहे. आणि या वेळी, तो म्हणतो, आत आम्ही दोघं असू.